‘आलिग्येरी’तला भाला

महाकवी दान्तेच्या आडनावाचा अर्थ काय, ते मूळचे कुठले, आणि आज इटलीत ते लावणारी माणसे उरली आहेत का, असे एका वाचकाने विचारले आहे. सोबत त्यांनी कुठेतरी वाचलेले एक उत्तरही कळवले आहे. लॅटिनमध्ये ‘आलिगेर’ म्हणजे पंख धारण करणारा, त्यावरून हे आडनाव आले आणि कवीला ते शोभूनही दिसते, असे ते उत्तर आहे. शोभून दिसते हे मान्य केले तरी व्युत्पत्ती शोभेवर ठरत नाही. हे उत्तर साफ चुकीचे आहे.

त्याआधी एका गोष्टीचा निकाल लावायला हवा, कारण प्रश्नातही ती आलीच आहे. मराठीत हे आडनाव सर्रास ‘अलिघिएरी’ असे लिहिले जाते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने भेट दिलेले, दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्याचे जुने हस्तलिखित आहे. त्याची बातमी जेव्हा जेव्हा छापून येते, तेव्हा हा ‘घ’ पुन्हा डोके वर काढतो. इटालियन लेखनात ‘जी’ या अक्षरानंतर इ किंवा ए आला की त्याचा उच्चार ‘ज’ होतो. तो तसा होऊ नये, ‘ग’च राहावा, एवढ्यासाठी मध्ये एक मुका ‘एच’ घालतात. त्यात महाप्राणाचा अंशही नसतो. हॉटेलात स्पॅगेटी मागवताना हा एच ज्यांना बिनबोभाट गिळता येतो, त्यांना महाकवीच्या नावातला तो का गिळवत नाही, हे मला उमगलेले नाही. मराठीत ‘आलिग्येरी’ लिहावे. आघात ‘ग्ये’वर आहे. याच मुक्या एचने पंखांच्या व्युत्पत्तीचाही बळी घेतला आहे, तो कसा ते आता पाहू.

लॅटिनमधल्या ‘आलिगेर’चा वारस शब्द इटालियनमध्ये आजही आहे. काव्यात पंख असलेल्याला ‘आलीजेरो’ म्हणतात. त्यात ‘ज’ आहे आणि आघात ‘ली’वर आहे. इ किंवा ए यांच्या आधीचा लॅटिन ‘ग’ इटालियनमध्ये येताना मऊ होतो, हा त्या भाषेचा सर्वसाधारण नियम आहे. आडनाव याच शब्दातून आले असते, तर ते ‘आलिजेरी’ झाले असते. तसे ते कधीच नव्हते. मग पंख आले कुठून? ते आले पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या विद्वत्तेच्या हौसेतून. दान्तेचे वेरोनात स्थायिक झालेले वंशज लॅटिनचे चांगले जाणकार होते. व्हर्जिलने आपल्या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात मदनाला ‘आलिगेर’ म्हटले आहे, हे त्यांना पाठ असणारच. त्यांनी निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी पंख असे नवे कुलचिन्ह घेतले. फ्लोरेन्समधल्या जुन्या घराण्याचे चिन्ह वेगळे होते. त्यात ढाल उभी दुभागलेली, अर्धी सोनेरी व अर्धी काळी, आणि मधून रुपेरी आडवा पट्टा होता. पंखाचे पीसही नव्हते. म्हणजे आडनावातून चिन्ह तयार झाले आणि पुढे लोकांनी चिन्हातून आडनावाचा अर्थ काढला. अशा उलट्या प्रवासाला व्युत्पत्ती म्हणणाऱ्या जाडजूड ग्रंथांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

खरी व्युत्पत्ती जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या भाषाकुळातल्या त्या कुळातली आहे. ‘आल्दिगेर’ हे जुने व्यक्तिनाम. त्यात ‘आल्द’ म्हणजे जुना, वयाने मोठा, आणि ‘गैर’ किंवा ‘गेर’ म्हणजे भाला. इंग्रजी ‘ओल्ड’ आणि जर्मन ‘आल्ट’ ही त्या पहिल्या घटकाची भावंडे आहेत. मात्र दोन घटक जोडून ‘जुना भाला’ असा अर्थ काढू नये. जर्मानिक लोक ठरावीक मानाच्या शब्दांतून दोन निवडून नाव बनवत, कधी एक घटक बापाच्या नावातला आणि दुसरा आईच्या, आणि त्या दोहोंचा मिळून सुसंगत अर्थ व्हावा अशी त्यांची अपेक्षाच नसे. ‘आल्द’बद्दल सांगण्यासारखे तेवढेच आहे. भाल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे.

हा भाला युरोपभर पसरलेला आहे. ‘रॉजर’मध्ये तो कीर्तीच्या शेजारी आहे, ‘एडगर’मध्ये संपत्तीच्या आणि ‘जेरार्ड’मध्ये कणखरपणाच्या. इंग्रजीतला ‘गार्लिक’ म्हणजे शब्दशः भाल्यासारखी कांद्याच्या कुळातली भाजी, कारण लसणाची पाकळी टोकदार असते. रोमन लोकांनी गॉल लोकांकडून त्यांच्या फेकायच्या भाल्याचे नाव उचलले, ते ‘गैसुम’, आणि इ.स.पू. २२५ मध्ये तेलामोनच्या लढाईत रोमनांसमोर उघड्या अंगाने उभे राहिलेले गैसाती योद्धे भाल्यावरूनच ओळखले जात. मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र गॅरिबाल्डीचे आहे. मॅझिनीबरोबर हे नाव आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे घेतले जाते, पण त्यात ‘गारि’ म्हणजे भाला आणि ‘बाल्द’ म्हणजे धाडसी आहे, याचा विचार सहसा कोणी करत नाही. इटलीवर राज्य करणाऱ्या लोम्बार्ड या जर्मानिक लोकांचा ‘गारिबाल्द’ नावाचा एक राजा ६७१ मध्ये थोडे महिने गादीवर होता. एकाच भाषेतला एकच भाला गॅरिबाल्डीच्या नावात पुढे आहे आणि आलिग्येरीच्या नावात मागे.

इथे मला थांबवत नाही. या ‘गैर’चे मूळ रूप ‘गैझ’ असे होते आणि त्यातल्या ऊष्म ध्वनीचा पुढे ‘र’ झाला. इंडो-युरोपीय ‘घ्य’सारख्या ज्या ध्वनीचा जर्मानिकमध्ये ‘ग’ होतो, त्याचा संस्कृतात ‘ह’ होतो. आपला ‘हंस’ आणि जर्मन ‘गान्स’ ही जोडी त्याची साक्ष देते. आता ‘गैझ’शेजारी ऋग्वेदातला ‘हेषस्’ ठेवून पाहा. अर्थ शस्त्र किंवा अस्त्र असा आहे, आणि त्याच घरातला ‘हेति’ हा शब्द कोशांत शस्त्र या अर्थी दिलेला असतो. ‘हि’ म्हणजे फेकणे, प्रेरणा देणे, हा त्यांचा धातू. काही भाषाशास्त्रज्ञ हे नाते मान्य करतात, काही ‘गैसुम’ आणि ‘गैझ’ यांना केवळ पश्चिम युरोपापुरते शब्द मानून संस्कृताची दारे बंद करतात. या दुसऱ्या पक्षाचा आक्षेप मला फार सावध वाटतो. ध्वनी नियमाने जुळतात, अर्थ जुळतो, आणि फेकायच्या शस्त्राला फेकण्याच्या धातूवरून नाव पडावे यापेक्षा साधे काय असणार? एखाद्या जोडीत दोन्ही बाजू मिळत असताना केवळ मधले भाग सापडत नाहीत म्हणून ती नाकारायची, तर तुलनात्मक भाषाशास्त्राचे अर्धे दुकान बंद करावे लागेल.

आता त्या ‘ग’कडे परत जाऊ, कारण माझ्या मते या नावाचा सारा इतिहास त्यात साठवला आहे. इटालियनमध्ये भाल्याची नावे दोन रूपांत आढळतात. ‘रुज्जेरो’त ‘ज’ आहे, ‘गेरार्दो’त ‘ग’, आणि त्याच ‘गेरार्दो’चे ‘जेरार्दो’ असेही रूप आहे. माझे मत असे, की ‘ज’ची रूपे फ्रेंच किंवा नॉर्मन तोंडातून, किंवा लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनांच्या लेखणीतून आली. सिसिलीत ११३० मध्ये राज्याभिषेक झालेला दुसरा रुज्जेरो नॉर्मनच होता. ‘ग’ची रूपे मात्र जर्मानिक बोलणाऱ्यांकडून थेट इटालियन तोंडात आली, मधल्या लॅटिन वळणाला न लागता. ५६८ मध्ये लोम्बार्ड लोक आल्प्स ओलांडून आले, पो नदीच्या खोऱ्यात पसरले आणि पाव्हिया ही त्यांची राजधानी झाली. आता दान्ते स्वतः काय सांगतो ते पाहावे. ‘स्वर्ग’खंडाच्या पंधराव्या सर्गात त्याचा खापरपणजा काच्चाग्विदा म्हणतो की, माझी पत्नी पो नदीच्या खोऱ्यातून आली आणि तुझे आडनाव तिच्यामुळे पडले. लोम्बार्डांचा मुलूख आणि आडनावाचे माहेर एकच. मुक्या एचने राखून ठेवलेला तो टणक ‘ग’ लोम्बार्ड तोंडाचा आहे, असे मी म्हणतो. कोणाला हे धाडसाचे वाटल्यास त्याने ‘ज’ का झाला नाही, याचे दुसरे कारण द्यावे.

दान्तेने पत्नीचे नाव सांगितले नाही आणि खोऱ्यातले नेमके गावही सांगितले नाही. ती उणीव दान्तेचा चौदाव्या शतकातला चरित्रकार बोक्काच्चो याने भरून काढली. त्याने ती मुलगी फेराराच्या ‘आल्दिग्येरी’ घराण्यातली ठरवली आणि मुलाला आजोळचे नाव मिळाले, असे सांगितले. पुढे त्यातला ‘द’ गळून पडला, असेही तो म्हणतो. पार्मा आणि वेरोना यांचे अभिमानी भाष्यकार शतकानुशतके यावर नाके मुरडत आले आहेत. प्रत्येकाला ती आपल्या गावची लेक हवी आहे. फेरारात हे घराणे होते, एवढी बाजू बोक्काच्चोची भक्कम आहे. पण ‘द’च्या बाबतीत तो घाई करतो. ११८९ च्या एका फ्लोरेन्टाइन दस्तऐवजात काच्चाग्विदाचे दोन मुलगे सान मार्तीनो चर्चच्या भिंतीलगतचे अंजिराचे झाड काढून टाकण्याचे वचन देतात. त्यांतल्या एकाचे नाव तिथे ‘आलाग्येरी’ असे आहे; तोच दान्तेचा पणजोबा. म्हणजे आडनाव होण्याआधीच, पहिल्याच पिढीत, ‘द’ गेलेला होता.

याच आलाग्येरीबद्दल एक गमतीचा तपशील आहे. दान्तेने आपल्या या पणजोबाला गर्वाच्या पापासाठी शुद्धीलोकाच्या पहिल्या कड्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ फिरत ठेवले आहे. काव्यातला काळ १३०० चा आहे, म्हणजे तो १२०० पूर्वी वारला असला पाहिजे. कागदपत्रांत मात्र तो १२०१ मध्ये जिवंत आहे. घराण्याचे नाव ज्याच्यावरून पडले त्या माणसाच्या मृत्यूचे वर्ष खुद्द कवीलाच नीट माहीत नव्हते, मग त्याच्या भाष्यकारांनी आडनावाचे मूळ गाव छातीठोकपणे सांगावे, हे जरा अतीच आहे.

लिखाणाची रूपे त्या काळी स्थिर नव्हती. आलागेरी, आल्लेगेरी, आल्लिग्येरी अशी ती दिसतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक छापील आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर दोन ‘ल’ आहेत. शेवटचा ‘ई’ हा लॅटिनमधल्या ‘आलागेरियुसचा’ या अर्थाच्या षष्ठीचा आहे आणि कुटुंबाच्या अनेकवचनाचाही. गालिलेई आणि मेदिची यांच्यातही तोच आहे. इटालियन माणूस मात्र कवीला ‘दान्ते’ असेच म्हणतो, जसे तो ‘गालिलेओ’ आणि ‘मिकेलान्जेलो’ म्हणतो. आपल्याकडचे समीक्षक ‘आलिग्येरींच्या मते’ असे लिहितात, तेव्हा त्यांनी इटलीत कोणालाही न सापडणारा एक लेखक निर्माण केलेला असतो.

राहिला दुर्मिळतेचा प्रश्न. १३०२ मध्ये दान्ते हद्दपार झाला आणि १३१५ मध्ये फ्लोरेन्सने त्याला पुन्हा मृत्युदंड सुनावला, तेव्हा त्याच्या मुलांनाही त्यात गोवले. ज्या शहरात आडनाव रुजले होते तिथेच ते वाढण्याची शक्यता अशी कमी झाली. याकोपो हा मुलगा पुढे फ्लोरेन्सला परतला. मुलगी रावेन्नाच्या मठात जोगीण झाली आणि १३५० मध्ये तिच्याकडे फ्लोरेन्सच्या वतीने दहा सुवर्ण फ्लोरिन घेऊन जाण्याचे काम बोक्काच्चोवर आले. वंश टिकला तो प्येत्रो या मुलाचा. तो वेरोनात न्यायाधीश होता आणि त्याने १३५३ मध्ये वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांत गार्गान्यागो येथे जमीन घेतली. सोळाव्या शतकाच्या मध्याला या शाखेतलेही पुरुष संपत आले. १५४९ मध्ये जिनेव्रा आलिग्येरीचे लग्न मार्कान्तोनियो सेरेगोशी झाले आणि तिच्या वंशाने दोन्ही आडनावे जोडून ‘सेरेगो आलिग्येरी’ असे नाव घेतले. ते कुटुंब आजही आहे, त्याच जमिनीवर द्राक्षे पिकवते आणि त्यांची आमारोने वाइन प्रसिद्ध आहे.

म्हणजे हे आडनाव घराण्यात आणले एका सुनेने आणि नामशेष होण्यापासून वाचवले एका लेकीने. मधल्या चारशे वर्षांत ते बापाकडून मुलाकडे गेले, एवढेच पुरुषांचे काम. एप्रिल २०२२ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने मुलाला आपोआप फक्त बापाचेच आडनाव लागण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा तिथल्या कोणीतरी काच्चाग्विदाच्या पत्नीची आठवण काढायला हवी होती.

निव्वळ ‘आलिग्येरी’ लावणारे आज इटलीत फार विरळा आहेत आणि सेरेगो घराणे सोडून कोणी ‘मी कवीचा वंशज’ म्हणाले, तर त्याच्याकडे कागद मागावा. ‘द’ शाबूत असलेली भावंडे मात्र बऱ्यापैकी टिकून आहेत. वेरोनाच्या परिसरात ‘आल्देगेरी’ आणि ‘आल्दिग्येरी’ ही आडनावे आढळतात. एकोणिसाव्या शतकात मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात गाजलेला बॅरिटोन गायक गोत्तार्दो आल्दिग्येरी त्याच भागातला. या मंडळींचा दान्तेशी रक्ताचा संबंध जोडण्याचे कारण नाही. आल्दिगेर हे एकेकाळचे चालू नाव होते, आणि ते ज्या ज्या घरात कर्त्या पुरुषाचे होते, त्या त्या घराचे आडनाव स्वतंत्रपणे तयार झाले.