पहिल्या कॉन्फरन्सला गप्प झाले, आता दुसरीला जाऊ का?

प्रश्न: ताई, मी डोंबिवलीहून कलिन्याला येते, बॉटनीत पीएचडी, तिसरं वर्ष, विषय ठाणे खाडीतली तिवरं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा कॉन्फरन्सला पेपर वाचला. १२ मिनिटं बरी गेली आणि मग एका सरांनी विचारलं, चिखलाची सॅम्पल्स पावसाच्या आधीची की पावसातली? माझ्याकडे दोन्ही आहेत, पण तेव्हा काही सुचलंच नाही, सॉरी म्हणाले आणि खाली बसले. घरी येऊन खूप रडले. आता गाइड म्हणतायत जानेवारीतल्या कॉन्फरन्सला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठव. यूजीसीने पीएचडीसाठी कॉन्फरन्सला पेपर वाचायची सक्ती काढलीये ना, मग नाही गेले तर चालेल का?

उत्तर: अगं, आधी नियमाचं सांगते. २०१६ च्या नियमात थीसिस द्यायच्या आधी दोन पेपर प्रेझेंट करायची अट होती, २०२२ च्या नियमांत ती गेली. तरी आपल्या पीएचडी सेक्शनला एकदा विचारून घे, कारण काही ठिकाणी युनिव्हर्सिटीची स्वतःची अट असते.

पण माझं ऐकशील तर जा. त्या सरांचा प्रश्न परत एकदा नीट वाच बरं. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरतं आणि खारेपणा कमी होतो, मे महिन्यात तो चढलेला असतो, म्हणजे सॅम्पल कधी घेतलं यावर तुझा सगळा निष्कर्ष उभा आहे आणि हे त्यांनी १२ मिनिटांत पकडलं. इतकं मन लावून तुझा पेपर कोणीतरी ऐकला गं! बरेच जण बोलून खाली बसतात आणि एकही हात वर होत नाही, ते मला जास्त वाईट वाटतं. त्यात २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, तेव्हा या विषयावर विचारणारे पुढेही भेटणारच.

माझं पहिलं पोस्टर होतं, ए-झिरो साइजचं, म्हणजे जवळजवळ चार फूट उंच. ते नळीत घालून लोकलने नेलं, कुर्ल्याच्या पुलावरच्या गर्दीत नळी चेपली आणि पोस्टरवर मधोमध आडवी घडी पडली. दिवसभर लोक बघून पुढे जात होते. चहाच्या वेळी एक बाई आल्या, वयाने मोठ्या, हातातला कप खाली ठेवून त्यांनी माझ्या ग्राफवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या हा अ‍ॅक्सिस लॉग स्केलवर टाकून बघ. रात्री घरी येऊन तसा टाकला, म्हणजे १, १०, १०० अशा दसपटीच्या टप्प्यांवर, तर जे ठिपके एका कोपऱ्यात गोळा झाले होते ते सरळ रेषेत आले. माझ्या थीसिसचा तिसरा चॅप्टर त्या चहातून आलाय, म्हणून सांगते, सेशन संपलं की लगेच लोकल पकडायला पळू नकोस, चहाला थांब.

आता जानेवारीचं. थँक यूच्या स्लाइडनंतर चार-पाच स्लाइड जास्तीच्या ठेव, कुठल्या महिन्यात कुठून किती सॅम्पल्स घेतली त्याचा तक्ता, दोन्ही सीझनचे ग्राफ. कोणी विचारलं की ‘एक मिनिट सर, दाखवते’ म्हणायचं आणि स्लाइड उघडायची, डोळ्यासमोर आकडे आले की आपोआप बोलता येतं. प्रश्न लिहून घ्यायला मैत्रिणीला पुढच्या रांगेत बसव, उभं असताना निम्मं ऐकूच येत नाही. इंग्रजीची भीती असेल तर पहिली दोन वाक्यं पाठ कर आणि लॅबमध्ये घड्याळ लावून तीनदा म्हण. आणि हो, दोन दिवसांत पेपर स्वीकारला, आता फी भरा, अशी मेल आली तर आधी गाइडना दाखव, त्यात खूप मुलांचे पैसे बुडतात.

त्या सरांचा मेल आयडी कॉन्फरन्सच्या पुस्तिकेत बघ, नाहीतर त्यांच्या डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर मिळेल. आजच दोन ओळी लिही, त्या दिवशी सांगायचं राहिलं म्हणून, आणि सोबत दोन्ही ग्राफ जोड, उन्हाळ्याचा डावीकडे, पावसाळ्याचा उजवीकडे.