बारा गाड्या कागदावरच्या

प्रिय,

पोलिसांच्या गस्ती गाड्यांचा तुझा आराखडा दोनदा वाचला. गुन्ह्यांच्या लाल ठिपक्यांचा नकाशा झकास जमलाय, पण बाराही गाड्या रात्रभर मोकळ्या, हे कुणी सांगितलं तुला? कंट्रोल रूममध्ये एक रात्र बसून बघ. एक गाडी दारुड्याला मेडिकल तपासणीला घेऊन सरकारी रुग्णालयाच्या दारात दीड तास उभी. दुसरी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला. तिसरी पंक्चर. वायरलेसवर ‘जवळ कोण आहे?’ असं विचारलं की ‘ओ’ द्यायला उरतात तीन.

आता गणित. 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या अग्निशमन बंबांचा अभ्यास करताना कोलेसार आणि ब्लम या संशोधकांनी वर्गमूळाचा नियम मांडला. शहराच्या क्षेत्रफळाला मोकळ्या गाड्यांनी भागायचं. घटनास्थळापर्यंतचं सरासरी अंतर त्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतं. बाराच्या तीन झाल्या की अंतर दुप्पट. उलट, ते निम्मं करायचं तर गाड्या चौपट हव्यात, आणि तेवढा पैसा कुणी देणार नाही. त्यापेक्षा मेडिकलचा खोळंबा कमी करणं स्वस्त.

याच्या पुढचं संशोधक रिचर्ड लार्सन यांच्या 1974च्या हायपरक्यूब मॉडेलमध्ये आहे. प्रत्येक गाडी मोकळी किंवा गुंतलेली. बारा गाड्यांच्या 4,096 अवस्था. तुझ्या लॅपटॉपला हे काहीच नाही. शेजारच्या बीटची, म्हणजे गस्तीच्या हद्दीची, गाडी किती वेळा आपल्याकडे ओढली जाते, तेही त्यातून निघतं.

‘गस्तीचे किलोमीटर वाढवा’ ही शिफारस मात्र खोड. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 1972-73 साली 15 बीटचे तीन गट केले होते: एकात गस्त बंद, फक्त कॉल आला की जायचं, दुसऱ्यात दुप्पट-तिप्पट, तिसऱ्यात नेहमीची. गुन्ह्यांत म्हणावा असा फरक पडला नाही.

ठिपके फुकट गेले असं नाही. अमेरिकेतल्याच मिनियापोलिसमध्ये जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल येत होते. पण लोकांनी फोन करून कळवलेलं आणि पोलिसांनी स्वतःहून पकडलेलं, म्हणजे जुगार, अवैध दारू वगैरे, वेगळं काढ. नाहीतर जिथे गाडी गेली तिथेच गुन्हे ‘वाढतात’, आणि मॉडेल पुन्हा गाडी तिथेच धाडतं.

गुरुवारी येताना महिनाभराच्या नोंदींतून चार वेळा उतरवून आण: कॉल आला, गाडी निघाली, पोहोचली, मोकळी झाली. शेवटचा रकाना बऱ्याचदा कोरा सापडेल. मग ड्रायव्हरला विचार, त्याला आठवत असतं.