अपालूसा घोडा खरंच हट्टी आणि मूडी असतो का?

हट्टी म्हणता येईल, पण तुमच्या बार्नमधले (म्हणजे तबेल्यातले) लोक ज्या अर्थाने म्हणतायत त्या अर्थाने नाही. तुम्ही लिहिलंय की डेन्व्हरजवळ राहता, बारा वर्षांच्या लेकीसाठी एक अपालूसा (ही अंगावर ठिपके असणारी अमेरिकन जात) गेल्डिंग, म्हणजे खस्सी केलेला घोडा, लीजवर म्हणजे भाड्याने मिळतोय, आणि बार्नमधला जो तो सांगतोय की ही जात घेऊ नका, डोकं फार, कधी बिघडेल सांगता येत नाही. हे मी इथेही बरेचदा ऐकलंय आणि गंमत म्हणजे सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी अपालूसावर कधी मांडच टाकलेली नसते, कुणाच्या तरी मामाकडे एक होता म्हणे आणि तो चावायचा, एवढ्यावर सगळ्या जातीचा निकाल.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. मी राहते वॉशिंग्टन राज्यात पुलमनला, पलूस नावाच्या भागात (सांगलीजवळचं पलूस नाही हो, हा जोक आमच्या घरात करून करून शिळा झालाय). इथून मैलोगणती गव्हाच्या टेकड्या, आणि आठेक मैलांवर आयडाहोतलं मॉस्को, जिथे अपालूसा हॉर्स क्लबचं ऑफिस आणि म्युझियम आहे. घोड्याचं नावही या पलूस नदीवरूनच पडलं असं मानतात, आणि आयडाहोने तर १९७५ मध्ये त्याला राज्याचा घोडा करून टाकला. त्यामुळे मी शनिवार-रविवार ज्या बार्नवर खरारा करायला, शेण उचलायला आणि बदल्यात रपेट मारायला जाते तिथे अपालूसाच जास्त. मी काही ट्रेनर नाही, व्हेट म्हणजे जनावरांची डॉक्टर नाही, पण यांच्यात बराच वेळ घालवलाय.

आता स्वभाव. माझ्या बघण्यातले अपालूसा बहुतेक शांत, लक्ष देणारे आणि माणूस ओळखून वागणारे. शाळेत बदलून आलेल्या नव्या मास्तरला पहिल्या तासाला जोखणारा शेवटच्या बाकावरचा हुशार पोरगा असतो ना, तसं यांचं असतं. तुम्ही पाठीवर बसलात की पहिली पाच मिनिटं तो तुमचीच परीक्षा घेत असतो, लगाम किती सैल धरलाय, डावा पाय नुसताच लटकतोय का, हिला कुठे जायचंय हे हिला तरी माहितीये का. मी जिच्यावर बसते ती घोडी (अंगाने तांबूस, पुठ्ठ्यावर पांढरा पट्टा, त्याला ब्लँकेट म्हणतात, आणि त्यात ठिपके) तिच्यावर कुणी बिचकत बसलं की ती काही उधळत वगैरे नाही, ती फक्त अतिशय सभ्यपणे चालत चालत फाटकापाशी जाऊन उभी राहते. बस. आणि तिथून हलवायला तुम्हाला खरंच काहीतरी ठरवून सांगावं लागतं. लोक याला हट्ट म्हणतात. मला विचाराल तर ती अर्धवट सांगितलेलं काम करत नाही एवढंच, आणि तिच्या मालकिणीने नुसतं वजन जरा मागे घेतलं तरी तीच घोडी दुडकीवरून थांबते.

दुसरं म्हणजे स्मरणशक्ती. एकदा ट्रेलरमध्ये चढताना डोकं आपटलं की तो ट्रेलर पुढे बरेच महिने लक्षात. पण हे उलटंही चालतं, चांगली वागणूक तितकीच लक्षात राहते आणि एकाच माणसाला धरून राहायची सवय यांच्यात मला जास्त दिसते. म्हणून रोज वेगळा स्वार बसणाऱ्या रायडिंग स्कूलमध्ये अपालूसाचं नाव खराब होतं आणि एकाच घरात वाढलेला अपालूसा लहान पोरांना पाठीवर घेऊन तासन्‌तास फिरतो. तुमच्या लेकीच्या बाबतीत हे तिच्या फायद्याचं आहे, फक्त आठवड्यातून एकदा तोंड दाखवून चालणार नाही.

आता तो बार्नमधला प्रसिद्ध जोक, तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवेलच. की म्हणे रेड इंडियन लोक लढाईला अपालूसावर का जायचे, तर तिथे पोचेपर्यंत घोड्यावरच इतके वैतागलेले असायचे की समोरच्याला मारायला तयार. मला हा जोक अजिबात आवडत नाही, मुख्य म्हणजे तो साफ चुकीचा आहे. हे घोडे या भागातल्या नेझ पर्स या मूळ रहिवासी जमातीचे, ते स्वतःला निमीपू म्हणतात. साधारण १७३० च्या आसपास त्यांच्याकडे घोडे आले आणि त्यांनी जे केलं ते त्या काळात इथल्या मूळ रहिवाशांपैकी फार थोड्यांनी केलं, म्हणजे निवडून पैदास. हलक्या प्रतीचे नर खस्सी करायचे, चांगले तेवढे वाढवायचे. १८०६ मध्ये इथे शोधमोहिमेवर आलेल्या मेरिवेदर लुईसने आपल्या डायरीत या भागातल्या घोड्यांचं कौतुक केलंय, उंच, डौलदार, चपळ, टिकाऊ, आणि काहींच्या अंगावर पांढरे डाग असंही लिहिलंय. काहींच्या, सगळ्यांच्या नाही! त्यांची पैदास ठिपक्यांसाठी नव्हती, दम आणि पायाच्या भरवशासाठी होती.

आणि १८७७ मध्ये त्याची परीक्षाच झाली. सरकारने जमीन सोडा म्हटलं, लढाई पेटली आणि चीफ जोसेफ आणि बाकीचे नायक बायकापोरं, म्हातारी माणसं, हजारो घोडे घेऊन कॅनडाकडे निघाले. हजार मैलांहून जास्त अंतर, डोंगर-नद्यांमधून, मागे अमेरिकन सैन्य. जून ते ऑक्टोबर. शेवटी मोंटानात बेअर पॉला, सीमेपासून साधारण चाळीस मैलांवर, ५ ऑक्टोबरला जोसेफने शरणागती पत्करली. बेभरवशाच्या, डोकं फिरलेल्या घोड्यांवर तान्ही पोरं बांधून कुणी इतकं अंतर जाऊ शकतं का हो? नंतर सैन्याने घोडे काढून घेतले, विकले, पांगले, शेतीसाठी जड घोड्यांशी संकर झाला आणि मूळ कळप जवळपास संपला. १९३८ मध्ये ओरेगॉनमधल्या क्लॉड थॉम्पसन नावाच्या शेतकऱ्याने पुढाकार घेऊन हा अपालूसा हॉर्स क्लब काढला तेव्हा उरलेसुरले गोळा करायला सुरुवात झाली. आजही दरवर्षी त्या वाटेचा साधारण शंभर मैलांचा एक तुकडा लोक घोड्यावरून करतात, त्यात फक्त नोंदणी असलेले अपालूसा चालतात.

हे सगळं सांगायचं कारण, आजचा अपालूसा म्हणजे तो १८७७ चा घोडा नाही. क्लबच्या नियमात एक पालक अपालूसा हवा, दुसरा अरब, थरोब्रेड किंवा क्वार्टर हॉर्स या जातीचाही चालतो. म्हणून 'अपालूसाचा स्वभाव' असं एकच काही सांगता येत नाही. क्वार्टर हॉर्सचं रक्त जास्त असेल तर बहुतेक थंड डोक्याचा, थरोब्रेडकडे झुकलेला असेल तर गरम आणि चटकन हलणारा, अरब असेल तर दम भरपूर आणि सगळीकडे कान. नेझ पर्स लोकांनी स्वतः तर १९९० च्या दशकात आयडाहोतल्या लापवाईला अपालूसा आणि तुर्कमेनिस्तानचा अखल-टेके असा संकर सुरू केला, तो आणखी वेगळाच लांबट प्राणी. तेव्हा ठिपके बघून स्वभाव ओळखायचा प्रकार म्हणजे आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात भोवरे मोजून आणि पंचकल्याणी आहे का बघून घोडा ठरवतात त्यातलाच. आपल्याकडे निदान खुणा शुभ निघाल्या तर भाव वाढतो, इथे ठिपके दिसले की आधी बदनामी.

बरं, मग ही बदनामी कुठून आली? माझ्या मते त्यातला मोठा भाग डोळ्यांचा आहे, आणि तुम्ही बाकी काही नाही वाचलंत तरी हा भाग वाचा.

ठिपके ज्या जनुकामुळे येतात त्याला लेपर्ड कॉम्प्लेक्स म्हणतात, एलपी. घोड्याला आई-बाप दोघांकडून एलपी मिळाला की त्याला जन्मापासून रातांधळेपणा असतो. याचं कारण २०१३ मध्ये सापडलं, एका जुन्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा टीआरपीएम १ नावाच्या जनुकात घुसून बसलाय, आणि हे जनुक त्वचेच्या रंगपेशींमध्येही काम करतं आणि डोळ्याच्या पडद्यातही, मंद उजेडात दिसलेलं पुढे पोचवायचं काम. म्हणजे रंग आणि रातांधळेपणा एकाच जागेवरून येतात. दिवसा सगळं ठीक, म्हणून मालकाला पत्ताही नसतो. आता विचार करा, असा घोडा भर उन्हातून अंधाऱ्या बार्नमध्ये नेताना दारातच पाय रोवून उभा राहतो, संध्याकाळच्या रपेटीला सावली दिसली की थबकतो, रात्री नव्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणातल्या मोकळ्या जागेत, सोडला तर घाबरून कुंपणाला धडकतो. बघणारा म्हणणार, दिवसा चांगला असतो आणि संध्याकाळी डोकं फिरतं, मूडी आहे. अहो, त्याला दिसत नाहीये! साधारण ओळख अशी की जे जवळजवळ पूर्ण पांढरे असतात, अंगावर मोजकेच ठिपके, किंवा पुठ्ठा पूर्ण पांढरा आणि त्यात एकही ठिपका नाही, ते बहुतेक दोन एलपीवाले. ठिपके भरपूर असतील तर बहुतेक एकच आणि मग हा त्रास नाही. (हे फक्त अपालूसाचं नाही, डेन्मार्कच्या नाबस्ट्रुपरमध्येही तेच जनुक आणि तोच त्रास.)

दुसरा आजार जास्त वाईट, युव्हिआयटिस, डोळ्याच्या आतली सूज जी परत परत येते. अपालूसाला याचा धोका इतर जातींपेक्षा आठपट धरतात. बाकी घोड्यांत डोळा लाल, पाणी, मिटलेला असा झटका दिसतो तरी, अपालूसात बरेचदा ती आतल्या आत हळूहळू चालू राहते, बाहेरून फारसं काही नाही, आणि एक दिवस कळतं की त्या बाजूने दिसतच नाही. या काळात घोडा काय करतो, तर त्या बाजूने कुणी आलं की दचकतो, मान वाकडी धरतो, एका दिशेने रिंगणात छान फिरतो आणि दुसऱ्या दिशेने अडतो. आणि त्याला मिळतात फटके. मला याचा खरंच राग येतो.

बाकी छोट्या गोष्टी आहेत. यांच्या डोळ्याभोवती माणसासारखं पांढरं दिसतं, इतर घोड्यांत ते पांढरं बहुतेक भेदरल्यावर दिसतं म्हणून नवख्याला वाटतं हा सारखा डोळे वटारतोय, तसं काही नसतं, जन्मजात आहे. नाकाभोवतीची कातडी गुलाबी-करडी चट्ट्यांची, ती उन्हात भाजते, आणि भाजलेल्या नाकावर नोजबँड म्हणजे नाकावरचा पट्टा आवळला की तो मान झटकणारच. तुमच्या कोलोरॅडोच्या उंचीवरचं ऊन म्हणजे नाकाला सनस्क्रीन आणि डोळ्याला माशा आणि ऊन अडवणारी जाळी, म्हणजे यूव्हीवाला फ्लाय मास्क, धरूनच चाला. आयाळ-शेपूट विरळ असते त्यामुळे माशा हाकलायलाही बिचाऱ्याकडे पुरेशी शेपूट नसते, त्यावरूनही चिडचिड.

आता तुमचा गेल्डिंग. मालकाला सांगा की आधी तुम्ही बसून दाखवा, मग लेक बसेल. घोडा पकडण्यापासून बघा, आधीच खोगीर चढवून तयार ठेवलेला असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. दोन्ही बाजूंनी जवळ जाऊन बघा, दोन्ही दिशांनी रिंगणात फिरवा, उन्हातून अंधाऱ्या शेडमध्ये न्या, आणि जमलं तर एकदा दिवेलागणीला भेट द्या. वय दहा-बाराच्या पुढे असेल तर लेकीसाठी चांगलंच, जगलेला घोडा असतो. आणि पहिला महिनाभर तिला एकट्याने ट्रेलवर पाठवू नका, रिंगणातच बसू दे, रोज तेच नियम, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. आज फाटकापाशी थांबला म्हणून लाडाने गाजर दिलं तर उद्या तो तुम्हाला फाटकापाशीच सापडेल.

व्हेटकडून डोळे बघून घ्या, वरवर नाही, अंधाऱ्या खोलीत ऑफ्थाल्मोस्कोप म्हणजे डोळ्याच्या आतलं बघायचं यंत्र लावून. लीज आहे म्हणून हा खर्च टाळू नका, डोळ्याची औषधं लीजमध्ये बहुतेक तुमच्याच गळ्यात पडतात, ते करारात कुणाकडे आहे तेही वाचा. एलपीची टेस्ट आयाळीचे केस मुळासकट उपटून पाठवले की होते, मालकाची परवानगी घ्या आणि करा. दोन एलपी निघाले तरी लगेच नाही म्हणू नका, दिवसाउजेडी बसायचं, रात्री ओळखीच्या जागेत ठेवायचं, शेडमध्ये दिवा, कुंपण बदललं तर दिवसा फिरवून दाखवायचं, एवढ्यावर असे घोडे व्यवस्थित राहतात. युव्हिआयटिस निघाला तर मात्र मी तुमच्या जागी असते तर हा घोडा सोडला असता, बारा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या घोड्याला रोज डोळ्यात थेंब घालायची वेळ नको. नोंदणीचे कागद मिळाले तर आई-बापांची नावं इथे टाका, कुठल्या रक्ताचा आहे ते मी मॉस्कोच्या ओळखीतल्या लोकांना विचारून सांगते.