वाचकांचे प्रश्न : ऑफिसातले आयपी पत्ते

प्रश्न : आमच्या सीए ऑफिसात तीसेक कॉम्प्युटर, दोन नेटवर्क प्रिंटर आणि हजेरीचं बायोमेट्रिक मशीन आहे. बहुतेक सोमवारी सकाळी एक प्रिंटर काही जणांना ‘ऑफलाइन’ दिसतो, काहींना व्यवस्थित चालतो. हार्डवेअरवाला त्याला दुसरा आयपी देऊन जातो. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. प्रिंटर बदलावा का? – एक वाचक, नाशिक

प्रिंटर बदलू नका, तो ठणठणीत आहे. ‘सोमवारी’ आणि ‘काही जणांना’ या तुमच्याच दोन शब्दांत बहुधा उत्तर आहे.

प्रिंटरला हाताने, समजा १९२.१६८.१.५० हा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) दिलाय. राउटरमधला डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) मात्र .२ पासून .२५४ (पत्त्याचा शेवटचा आकडा) पर्यंतचे सगळे पत्ते वाटायला मोकळा आहे. .५० राखून ठेवलाय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. काही डीएचसीपी सर्व्हर पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का हे तपासतात, पण शनिवारी संध्याकाळी बंद केलेला प्रिंटर उत्तर कुठून देणार? .५० कुणाच्या तरी फोनला जातो. सोमवारी प्रिंटर सुरू होतो आणि एका पत्त्यावर दोन दावेदार उभे राहतात. ज्या कॉम्प्युटरच्या एआरपी तक्त्यात (कुठला आयपी कुठल्या उपकरणाचा याची नोंद) .५० समोर प्रिंटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) असेल त्याची प्रिंट निघते, ज्याच्याकडे फोनचा असेल त्याला ‘ऑफलाइन’ दिसतं.

खात्री अशी करा. प्रिंटरची नेटवर्क केबल काढा. एका कॉम्प्युटरवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एआरपी -डी *’ (arp -d *) ही आज्ञा द्या, म्हणजे जुन्या नोंदी पुसल्या जातील. ही पायरी गाळली तर प्रिंटरचीच शिळी नोंद दिसून फसगत होते. मग .५० ला पिंग (उत्तर येतंय का ते पाहणारी आज्ञा) करा आणि लगेच ‘एआरपी -ए’ (arp -a) पाहा. बरेच फोन आणि विंडोज कॉम्प्युटर पिंगला उत्तर देत नाहीत, पण एआरपीला द्यावंच लागतं. म्हणून पिंग फेल झालं तरी यादीत .५० समोर मॅक पत्ता आला, तर तिथे दुसरं कुणीतरी बसलंय. राउटरच्या क्लायंट लिस्टमध्ये तो मॅक शोधा.

आता कायमचा उपाय. डीएचसीपीचा पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) .१०० ते .२२० एवढाच ठेवा. त्याखालचे पत्ते ठरलेल्या वस्तूंसाठी : .१ राउटर, .२ ते .९ स्विच आणि ॲक्सेस पॉइंट, .१० ते .१९ सर्व्हर (टॅलीचा डेटा असलेला कॉम्प्युटर इथेच), .२० ते .२९ प्रिंटर, .३० पासून बायोमेट्रिक आणि कॅमेरे. प्रिंटरला मात्र पॅनेलवरून हाताने पत्ता घालू नका. त्याचं सेटिंग ‘ऑटो’ करा, कॉन्फिगरेशन पेज छापून मॅक पत्ता घ्या आणि राउटरमध्ये त्या मॅकसाठी .२० रिझर्व्ह करा. उद्या कुणी प्रिंटर फॅक्टरी रीसेट केला किंवा तुम्ही डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदललात, तरी तो बरोबर त्याच जागी परत येतो. काही राउटर रिझर्व्हेशन पूलच्या आतच मागतात, तिथे पूलमधला एखादा पत्ता राखा.

हा बदल शुक्रवारी संध्याकाळी करा आणि नंतर सगळी उपकरणं एकदा बंद-चालू करा, कारण आधी वाटलेले पत्ते मुदत संपेपर्यंत तसेच चालू राहतात. विंडोजमधला प्रिंटरचा पोर्टही प्रत्येक कॉम्प्युटरवर नव्या पत्त्याचा करावा लागेल. हे काम हमखास विसरतं, आणि मग ‘आयपी बदलला तरी प्रिंट येत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

कॅमेऱ्यांबद्दल एक सावधगिरी. हिकव्हिजनचे कॅमेरे कारखान्यातून १९२.१६८.१.६४ आणि दाहुआचे १९२.१६८.१.१०८ हा पत्ता घेऊन येतात. एकाच कंपनीचे चार नवे कॅमेरे एकदम जोडले तर चारही भांडतात. एकेक जोडा, पत्ता बदला, मग पुढचा.

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये वायफायला सकाळी काहीच अडचण नसते. दुपारच्या बॅचला मात्र फोन जोडले जातात पण इंटरनेट येत नाही. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. – एक वाचक, लातूर

डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही की कॉम्प्युटर स्वतःच १६९.२५४ चा पत्ता घेतो. सकाळी चालतं आणि दुपारी नाही, याचा अर्थ पत्ते संपतायत. २५५.२५५.२५५.० या मास्कमध्ये (नेटवर्क किती मोठं हे ठरवणारा आकडा) उपकरणांसाठी जेमतेम २५४ पत्ते असतात. सकाळची मुलं घरी गेली तरी त्यांचे पत्ते लीजची (पत्ता वापरायला दिलेल्या काळाची) मुदत संपेपर्यंत अडकून राहतात. विंडोज सर्व्हरवर ही मुदत मुळात ८ दिवस असते! विद्यार्थ्यांच्या वायफायसाठी ती २ तास करा. चालू असलेला फोन अर्धी मुदत झाली की आपणहून नूतनीकरण मागतो, त्यामुळे कुणाचं नेट तुटत नाही.

प्रत्येक मजल्यावर वायफायचं नाव वेगळं आहे का? अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नावासाठी वेगळा, बनवलेला मॅक पत्ता वापरतात. मुलगा वरच्या मजल्यावर गेला की त्याच फोनसाठी दुसरा पत्ता खर्च होतो. सगळीकडे एकच नाव ठेवा.

तरीही पुरत नसेल तर मास्क २५५.२५५.२५४.० केल्यावर ५१० पत्ते मिळतात. मात्र इथे जोडी सम आकड्यापासून सुरू होते : १९२.१६८.० आणि १ ची जोडी जमते, १ आणि २ ची जमत नाही. हाताने पत्ता दिलेल्या प्रत्येक वस्तूचा मास्कही बदला, नाहीतर ती अर्ध्या नेटवर्कशी नीट बोलणार नाही. आमचं स्पष्ट मत, विद्यार्थ्यांसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) करा. फीचा हिशेब असलेला कॉम्प्युटर आणि तीनशे अनोळखी फोन एका नेटवर्कवर असूच नयेत.

प्रश्न : अचानक काही कॉम्प्युटरना १९२.१६८.०.x पत्ते मिळू लागले. आमचं नेटवर्क तर १०.२०.५.x आहे. – एक वाचक, पुणे

कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये ऑफिसची केबल खोचलीय. बिघडलेल्या कॉम्प्युटरवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) द्या. ‘डीएचसीपी सर्व्हर’ या ओळीतला पत्ता त्या राउटरचा. ‘एआरपी -ए’ मधून त्याचा मॅक घ्या, स्विचच्या मॅक टेबलमध्ये (कुठल्या पोर्टवर कुठला मॅक याची यादी) पोर्ट सापडेल. पुन्हा होऊ नये म्हणून मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी डीएचसीपीची उत्तरं अडवणारी सोय) चालू करा. सर्व्हरकडे जाणारा पोर्ट (अपलिंक) आधी ‘ट्रस्टेड’ करा, नाहीतर अख्ख्या मजल्याला पत्ते मिळणं बंद होईल.

प्रश्न : इंटरनेट कंपनीने कळवलं की आमच्या लाइनवरून दोन आठवड्यांपूर्वी स्पॅम गेला. कुठला कॉम्प्युटर ते कसं शोधायचं? – एक वाचक, ठाणे

बाहेर सगळ्या ऑफिसचा आयपी पत्ता एकच दिसतो. म्हणून आधी फायरवॉलच्या लॉगमधून त्या वेळचा आतला पत्ता काढायचा, मग तो तेव्हा कुणाकडे होता हे डीएचसीपीच्या लॉगमध्ये पाहायचं. कंपनीने दिलेली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर साडेपाच तास मिळवा. विंडोज सर्व्हर डीएचसीपीच्या लॉगची आठवड्याच्या वारानुसार एकेक फाइल ठेवतो आणि पुढच्या आठवड्यात तीच पुसून वापरतो. त्यामुळे दोन आठवड्यांपूर्वीचं आता तिथे मिळणार नाही, बॅकअपमध्ये शोधा. यापुढे त्या फाइल रोज दुसरीकडे कॉपी करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत. लॉगमधून हाती येतो मॅक पत्ता, आणि तो कुणाचा हे फक्त तुमची नोंदवही सांगू शकते : आयपी, मॅक, उपकरण, जागा, स्विचचा पोर्ट, तारीख. कर्मचाऱ्यांच्या फोनवर ऑफिसच्या वायफायपुरता खासगी (बनवलेला) मॅक बंद करायला सांगा, म्हणजे त्यांचीही नोंद टिकेल.