पारंपरिक चीज चाकासारखे गोल का असते?
रत्नागिरीच्या दुकानात चीज चौकोनी वड्यांतच मिळते, मग परदेशी चित्रांत ते चाकाएवढे का दिसते, असे आपण विचारले आहे. दुकानातील वडी वितळवून साच्यात ओतलेल्या चीजची असते; तिला मुरण्याची गरजच नसते. आल्प्समध्ये मात्र अनेक घरांचे दूध एकत्र करून हिवाळ्याची बेगमी केली जाई, म्हणून एमेंटाल या स्विस चीजचे चाक ७५ ते १२० किलोंचे असते. एवढ्या मोठ्या चाकात वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी असल्याने ते सावकाश सुकते, आणि कोपरे नसल्याने सर्व बाजूंनी सारखे मुरते. याउलट फ्रान्सचे कामांबेर जेमतेम २५० ग्रॅमचे, तळहातावर मावणारे, आणि काही आठवड्यांतच तयार होणारे. हॉलंडचे एडाम तर सोललेल्या नारळासारखे वाटोळे. आपल्या खरवसाच्या वड्या पडतात, कारण तो डब्यात वाफवून लगेच संपवायचा असतो.