वर सरकार किंवा मालक नसेल तर लोक आपसात काही चालवू शकतात का?

तुमचा प्रश्न असा, की हुकूम सोडणारं कुणी नसेल तर माणसं एकमेकांना धरून राहतील का, की अराजकतावाद्यांचं, म्हणजे वर कुणाची सत्ताच नको म्हणणाऱ्यांचं, परस्पर साहाय्य पुस्तकातच शोभतं. मी नाशिकचा, पण आजोळ बागलाणातलं, मोसम नदीकाठचं. म्हणून मी आधी फडाबद्दल, म्हणजे तिथल्या मिळून पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीबद्दल सांगणार.

मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर शेकडो वर्षांपासून छोटे बंधारे आहेत. बांधले कुणीही असोत, पाणी वाटलं ते शेतकऱ्यांनीच. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे साधारण चार फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, असं. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचंच नाही. फावडं घेऊन पाटकरी येतो, दारं मोडतो म्हणजे पाटातून वाफ्यात पाणी जायची वाट उघडतो, वाफा भरला की ती बंद करतो आणि पुढच्या शेतात जातो. शेत पाटलाचं आहे की विधवेचं, हे त्याने बघायचं नसतं. राखणीला जागल्या. दोघांची मजुरी शेतकऱ्यांकडून, पूर्वी धान्यात. पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते टंचाईचं. पाणी कमी असेल तर एक अख्खा फड कोरडा सोडतात. त्यात प्रत्येकाचा तुकडा असतो, त्यामुळे तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. पाटाच्या शेपटाकडचा, म्हणजे अगदी शेवटचा शेतकरी एकटा मरत नाही. इथे कुणाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवलेली नाही, रचनाच तशी आहे.

रशियन अराजकतावादी क्रोपोटकिनने १९०२ साली पुस्तकरूपाने मांडलं तेही याच्या जवळचं आहे. सायबेरियाच्या कडक थंडीत प्राण्यांचं जगणं त्याने पाहिलं होतं. टिकून राहण्यात झुंजीइतकाच, किंबहुना जास्त, वाटा एकमेकांना साथ देण्याचा असतो, असं त्याचं म्हणणं. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या अशा पाणी, कुरणं, जंगलांच्या व्यवस्था अभ्यासल्या आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण एक गोष्ट मी दडवणार नाही. फडाच्या बैठकीत बसायचे ते जमीनवाले. भूमिहीनाला तिथे मत नव्हतं. आणि आपसातली एकी नेहमी न्यायाचीच असते असंही नाही. २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दार बंद ठेवण्यासाठी इथल्याच सनातनी मंडळींनी उत्तम एकी दाखवली होती. म्हणून ‘सरकार हटलं की झालं’ हे मला पटत नाही. कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे प्रत्येक वेळी विचारावंच लागतं.

फड मोडकळीला आले त्याचं कारणही शिकण्यासारखं आहे. विहिरी झाल्या, मोटारी आल्या. ज्याच्या शेतात स्वतःचं पाणी, त्याला गाळ काढायला जायची गरज उरली नाही. ज्यांची ऐपत होती तेच आधी बाहेर पडले.

आजचं उदाहरण हवं असेल तर मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च घ्या. मागण्या सरकारकडेच होत्या, चालणारे अराजकतावादी नव्हते. मला त्यांच्यावर ते नाव लादायचं नाही. पण नाशिक ते मुंबई सुमारे १८० किलोमीटर सहा दिवसांत चालताना शिधा बरोबर होता, वाटेत चुली मांडल्या जात होत्या. दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून शेवटच्या रात्री ते थांबले नाहीत, पहाटेच आझाद मैदानात पोहोचले. मुंबईत अनोळखी लोक पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर उभे होते.

सटाण्याच्या बाजूला जाणं झालं आणि एखादा जुना पाटकरी भेटला, तर त्याला विचारा, कोरडा सोडायचा फड ठरवताना भांडणं होत नाहीत का. होतात, आणि ती कशी मिटतात हे तो माझ्यापेक्षा नीट सांगेल.