ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी 2009 ची पेट्रोल सेडान आहे, टॉर्क कन्व्हर्टरची, चार गिअरची ऑटोमॅटिक. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन नुसतंच ओरडतं, गाडी ओढत नाही. डिपस्टिकवरचं ऑइल काळं आणि जळकट वासाचं आहे. गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायचा खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातोय. नाना पेठेत त्याच मॉडेलचा जुना मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतोय. मी आणि भाऊ मिळून सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो बसवू शकू का? दुसऱ्या गाडीची क्लच प्लेट आम्ही स्वतः बदलली आहे. (वाचक, कोथरूड)

उत्तर : क्लच प्लेट बदलता आली असेल, तर गिअरबॉक्स उतरवणं-चढवणं तुम्हाला जमेल. पण नुसता गिअरबॉक्स विकत घेऊ नका. या कामात गिअरबॉक्स हा त्यातल्या त्यात सोपा भाग. काम अडतं ते पेडल, केबल, वायरिंग आणि ईसीयूपाशी (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपाशी). एकेक पार्ट हुडकत बसलात तर गाडी महिनोन् महिने ठोकळ्यांवर राहील. त्यापेक्षा त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची आणि शक्यतो त्याच वर्षाची भंगारात निघालेली मॅन्युअल गाडी शोधा आणि सगळा माल तिच्यातूनच घ्या : गिअरबॉक्स, फ्लायव्हील त्याच्या बोल्टसकट, स्टार्टर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, गिअरबॉक्सकडची माउंटिंग आणि ब्रॅकेट, क्लच-ब्रेकची अख्खी पेडल असेंब्ली, क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलने क्लचपर्यंत नेणारे) पाइपसकट, गिअर लिव्हर दोन्ही केबलसकट, ईसीयू, आणि त्याच गाडीचं इमोबिलायझर युनिट (चोरी रोखणारं, चावी ओळखणारं) व चावी. चावी विसरू नका. ईसीयू, इमोबिलायझर आणि चावीतली चिप यांची जोडी जुळलेली असते; एक जरी दुसऱ्या गाडीचं असलं तर इंजिन चालू होत नाही किंवा लगेच बंद पडतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचा मागचा ऑइल सील आणि ड्राइव्ह शाफ्टचे सील मात्र नवेच घ्या.

पाना हातात घेण्याआधी कागदाचं काम करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. नियमात न बसणाऱ्या बदलाला कलम 182अ खाली दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या गाडीची 15 वर्षं 2024 मध्येच पूर्ण झाली, म्हणजे आरसीच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी उभी करावी लागणारच. संगम पुलाजवळच्या आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर उद्या अपघात झाला तर याच मुद्द्यावर क्लेम अडेल. परवानगी मिळत नसेल तर मॅन्युअलचा नाद सोडा आणि चांगल्या अवस्थेतला जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच बसवा. त्यात वायरिंगला हात लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक स्टँडचे पाय त्यांच्या फटींत रुततात, म्हणून प्रत्येक स्टँडखाली 18 मिमी प्लायचा चौकोनी तुकडा ठेवा. उतारावर हे काम करूच नका. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, ऑइल सोडा, ड्राइव्ह शाफ्ट काढा आणि इंजिन वरून सपोर्ट बारने धरून ठेवा. नुसत्या सम्पखाली (इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्याखाली) जॅक लावला तर सम्प चेपतो. टॉर्क कन्व्हर्टरचे (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या गोल डब्याचे) बोल्ट स्टार्टरच्या भोकातून किंवा खालच्या छोट्या झाकणातून दिसतात. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवत एकेक बोल्ट समोर आणा आणि काढा. कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच बाहेर यायला हवा. तो पट्टीने बांधून घ्या; सटकला तर आतलं दोनेक लिटर ऑइल अंगावर येतं आणि पायावर पडला तर बोट मोडतं. हे ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

यानंतरची जागा अशी, की इथली चूक आठवडाभर कळतसुद्धा नाही. ऑटोमॅटिकमध्ये क्रँकला पातळ पत्र्याची फ्लेक्सप्लेट असते, मॅन्युअलला जाड फ्लायव्हील. त्यामुळे फ्लेक्सप्लेटचे बोल्ट बहुतेक इंजिनांत आखूड असतात. दोन्ही बोल्ट शेजारी ठेवून पाहा, फरक डोळ्यांना दिसतो. आखूड बोल्ट फ्लायव्हीलला लावले तर जेमतेम चार-पाच आटे पकडतात, आणि ते कधीतरी सुटतात. फ्लेक्सप्लेटबरोबरची पातळ चकती फ्लायव्हीलखाली ठेवायची नसते. बोल्ट नवे घ्या आणि तुमच्या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तकातला टॉर्क (आवळण्याचा जोर) टॉर्क रेंचनेच द्या, अंदाजाने नाही. गिअरबॉक्स लांबट बसणाऱ्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग लागतं. आडव्या इंजिनांत ते बहुतेक नसतं, तरी दात्या गाडीचं (जिच्यातून माल घेतला त्या भंगारातल्या गाडीचं) क्रँकचं टोक पाहून खात्री करा.

क्लच प्लेटच्या स्प्रिंगचा फुगवटा गिअरबॉक्सच्या बाजूला येतो, शिवाय प्लेटवर बाजू छापलेली असते. सेंटरिंग टूलने प्लेट मधोमध धरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. 8 मिमीच्या बोल्टला साधारण 20 ते 25 न्यूटन मीटर. गिअरबॉक्स हाताने ढकलून शेवटच्या मिलिमीटरपर्यंत बसला पाहिजे. बसत नसेल तर प्लेट मधोमध नाही किंवा डॉवेल पिन राहिली आहे. बोल्ट आवळून ओढून घ्यायला गेलात तर बेलहाउसिंगचा अॅल्युमिनियमचा कान तडकतो आणि गिअरबॉक्स भंगारात जातो.

सगळ्यांत कंटाळवाणं काम पेडलचं, डॅशबोर्डखाली उताणं झोपून. एकाच बॉडीवर दोन्ही प्रकार निघत असल्याने फायरवॉलवर मास्टर सिलिंडरची भोकं बहुतेक आधीच असतात, रबरी बुचाने किंवा पातळ पत्र्याने झाकलेली. नसतील तर दात्या गाडीचं ब्रॅकेट साचा म्हणून वापरून खुणा करा. ड्रिल मारल्यावर उघड्या पत्र्याला प्रायमर लावा, नाहीतर एका पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. क्लच मास्टरला ऑइल ब्रेकच्याच टाकीतून येतं, त्या टाकीवरची बंद नळी शोधा. रेडिएटरमधल्या एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलच्या) कूलरची दोन तोंडं कॅपने बंद करा. गिअर ऑइल लहान गाड्यांना साधारण 2 ते 2.5 लिटर लागतं. लेव्हल प्लगमधून ओघळेपर्यंत भरा, आणि ग्रेड दुरुस्ती-पुस्तकात लिहिलेलीच.

पहिले पाचशे किलोमीटर सिंहगडाची चढण किंवा कात्रजचा घाट टाळा. नवी प्लेट रुळायच्या आधी हाफ क्लचवर तापली तर गुळगुळीत होऊन घसरायला लागते.

प्रश्न : वरच्यासारखाच बदल गॅरेजमध्ये करून घेतला. आता चावी फिरवली की स्टार्टर चूप. ढकलून गाडी चालू होते, पण चावी बाहेर निघत नाही आणि रिव्हर्सचा दिवा लागत नाही. (वाचक, हडपसर)

उत्तर : स्टार्टर आणि रिव्हर्सच्या दिव्याच्या तक्रारींचं मूळ एकच, चावीचं वेगळं. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सवर इनहिबिटर स्विच असतो. लिव्हर पी (पार्क) किंवा एनमध्ये (न्यूट्रल) असल्याचं त्याने सांगितल्याशिवाय स्टार्टर रिलेला करंट जात नाही, आणि रिव्हर्सचा दिवाही तोच लावतो. गिअरबॉक्ससोबत स्विच गेला आणि तारा मोकळ्या राहिल्या. वायरिंग डायग्राम पाहून स्टार्टरच्या दोन तारा क्लच पेडलच्या स्विचमधून न्या. थेट जोडू नका, गिअरमध्ये उभी असलेली गाडी चावी फिरवताच उडी मारेल. रिव्हर्सच्या दोन तारा मॅन्युअल गिअरबॉक्सच्या रिव्हर्स स्विचला जोडा. चावी अडते ती लिव्हर पीमध्ये आल्याशिवाय न सोडणाऱ्या इंटरलॉकमुळे. कुठे केबल असते, कुठे सोलेनॉइड. मॅन्युअल गाडीचा इग्निशन लॉक बसवणं हाच नीट उपाय. चेक इंजिनचा दिवाही लागला असेल आणि कोड पी0700 च्या मालिकेतला असेल, तर जुना ईसीयू हरवलेल्या गिअरबॉक्सला शोधतोय. मॅन्युअलचा ईसीयू लागेल.

प्रश्न : माझ्या सेलेरिओची एएमटी (क्लच पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा) ट्रॅफिकमध्ये झटके देते. तिचं मॅन्युअल करून घ्यावं का? (वाचक, चिंचवड)

उत्तर : नको. 2014 मध्ये सेलेरिओसोबत आलेल्या या यंत्रणेत आतला गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअलचाच आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम अॅक्च्युएटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने हलणारं यंत्र) करतो. झटक्याचं कारण बहुतेक झिजलेली क्लच प्लेट किंवा अॅक्च्युएटरची चुकलेली सेटिंग असते. स्कॅनर लावून क्लच लर्निंग (क्लच कुठे पकडतो ते यंत्रणेला नव्याने शिकवणं) करून घ्या. फरक पडला नाही तर प्लेट आणि अॅक्च्युएटरचं ऑइल तपासा.

प्रश्न : बदलानंतर रिव्हर्स टाकताना कर्रकर्र होतं. बाकी गिअरही जड पडतात. (वाचक, धनकवडी)

उत्तर : क्लच पूर्ण सुटत नाहीये. आधी क्लचच्या पाइपमधली हवा काढा : एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने स्लेव्हचा निपल सोडून बंद करायचा, मगच पेडल वर. बुडबुडे थांबेपर्यंत, आणि तोवर टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. मग पेडलचा मोकळा खेळ पाहा, साधारण 10 ते 15 मिमी हवा. तरी आवाज राहिला तर गिअर लिव्हरच्या केबलचं अॅडजस्टमेंट करा. तेही बरोबर असेल तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल, क्लच प्लेट उलटी बसली असू शकते.